टकळी पुन्हा शाळेत आणावी काय?

नागपूरच्या धरमपेठेतील निवृत्त मुख्याध्यापक: जुन्या प्राथमिक शाळा श्रमाची प्रतिष्ठा शिकवीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारीच, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत कातता कातता मूल हिशेबही शिके. आजच्या मुलांना खिळा ठोकता येत नाही. टकळी परत आणावी.

तांडापेठेतील वाचक: हे वाचून गप्प बसवले नाही. आमच्या घरी हातमाग होता आणि शाळेतून आल्यावर मी कांड्या भरत, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळत असे. ज्याच्या घरची चूल सुताच्या भावावर पेटते, त्याला शाळेतही सूतच द्यायचे? मुलांच्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा ही गांधीजींची अपेक्षा आपण सोयीस्करपणे गाळलीत. १९५३ साली मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ बापाचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा लोकांनी ती इतकी झोडपली की पुढच्याच वर्षी नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती गुंडाळली.

मुख्याध्यापक: मद्रासचे पाप वर्ध्याच्या माथी मारू नका. बापाचाच धंदा शिकवा, असे वर्ध्यात कोणी म्हटले नव्हते. तेथे सर्व जातींच्या मुलांनी कातावे हीच कल्पना होती.

हनुमाननगरच्या शिक्षिका: कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) सुचवलेल्या कार्यानुभवाचे, म्हणजे हातकामाच्या तासाचे, काय झाले, तेही ऐका. तास वेळापत्रकात असे आणि गणिताचे सर तो घेत. वर्षाअखेरीस वस्तू जमा होत. एका फुलदाणीच्या तळाशी इतवारीतल्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. वरून आदेश होता, सर्वांना चांगले गुण द्या.

एक पालक: आणि आपण दिलेत! रात्री बारापर्यंत आइसक्रीमच्या काड्या चिकटवणाऱ्या आयांना गुण कोण देणार?

शिक्षिका: वर्गात साठ मुले, साहित्याला छदाम नाही आणि जनगणनेचे कामही आमच्याच गळ्यात. आपण एक दिवस वर्ग सांभाळून दाखवा, मग बोला.

तांडापेठेतील वाचक: फुलदाणी राहू द्या, ताई. आमच्या पुस्तकातल्या बलुतेदारांच्या धड्यात कुंभाराचे चाक होते, सुताराचा रंधा होता; गावातले मेलेले ढोर कोणाला ओढावे लागे, याचे चित्र मात्र नव्हते. ही कसली श्रमप्रतिष्ठा?

मुख्याध्यापक: तो धडा अपुरा होता, एवढे मान्य. टकळीही राहू द्या, पण हाताने काम करणे शिकवायचेच नाही काय?

तांडापेठेतील वाचक: अवश्य शिकवा. सुरुवात धरमपेठेतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांपासून करा. वर्षभर ती मुले कांड्या भरू देत, मग तांडापेठेत प्रस्ताव घेऊन या. सूत मी पुरवतो.