एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये भारत कुठे आहे?

फोंड्याचा पेटीवाला:
मी भजनात पेटी वाजवतो, जॅझमधलं फारसं कळत नाही. पुतण्याने अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा ‘फार ईस्ट स्वीट’ (स्वीट म्हणजे एकत्र गुंफलेल्या तुकड्यांची मालिका) हा अल्बम लावून दिला. १९६३ मध्ये त्याचा बँड भारतात येऊन गेला, त्यावरून सुचलेला म्हणे. ‘आग्रा’ नावाचा तुकडा दिसला म्हणून कान टवकारून बसलो. ना तानपुरा, ना सतार, रागाचा तर वासही नाही. मग एवढी वाहवा कशाची?

म्हापशाचा ट्रंपेट:
पेटीवाले बाब, सतार घुसवली नाही हीच त्याची हुशारी! दौऱ्यानंतर काही तुकडे १९६४ मध्येच मंचावर वाजले, पण अख्खा अल्बम रेकॉर्ड झाला डिसेंबर १९६६ मध्ये, न्यूयॉर्कला. मधल्या काळात सगळं चांगलं मुरलं.
आम्ही फेस्ताच्या बँडात वाजवतो तेव्हा पानावर ‘पहिला ट्रंपेट’, ‘दुसरा ट्रंपेट’ एवढंच असतं, वाजवणारा कोणीही असो. एलिंग्टन आणि त्याचा जोडीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न माणूस बघून लिहायचे. ‘आग्रा’ हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्ससाठीच (खर्जातला सॅक्सोफोन) आहे, आणि तो १९२७ पासून त्या बँडात! ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’त जिमी हॅमिल्टनची क्लॅरिनेट म्हणजे मैना, पुन्हा पुन्हा तीच लकेर घेऊन येते, खाली बँड आपल्याच नादात.
आधी ‘इस्फहान’ ऐका. त्याच बँडातला जॉनी हॉजेस आल्टो सॅक्सवर एका सुरावरून दुसऱ्यावर असा घसरत जातो की विचारू नका. तुमच्या पेटीतून जी मींड कधीच निघणार नाही, ती तिथे आहे.

कुंकळ्ळीकर:
अल्बमला ग्रॅमीही मिळालं, १९६८ मध्ये. पण नावाचं काय? इस्फहान इराणात, आग्रा-दिल्ली आपल्याकडे. खरा ‘फार ईस्ट’ फक्त शेवटच्या ‘अ‍ॅड लिब ऑन निप्पॉन’मध्ये, तोही १९६४ च्या जपान दौऱ्यातला. शिवाय ‘इस्फहान’ची चाल दौऱ्याच्या आधीच तयार होती, नाव तेवढं नंतर चिकटवलं. आणि आपण त्यात इराण शोधत बसायचं!

म्हापशाचा ट्रंपेट:
चाल आधीची असली म्हणून हॉजेस कमी गोड वाजवतो काय?

फोंड्याचा पेटीवाला:
‘इस्फहान’ तीनदा लावलं. मींडीचं पटलं, पेटीला टोमणा मारलात तोही माफ. ‘आग्रा’ अजून रुचत नाही. त्या कार्नीचं आणखी काय ऐकू?