बेरेंबांगवरचे काजवे: एका नदीवरचे दुसऱ्या नदीवर जातात का?

मनू_केएल
गेल्या शनिवारी आईबाबांना घेऊन इथे मलेशियात क्वाला सेलांगोरजवळ कंपुंग क्वांतानला गेले होते. आमचं गाव अकोले तालुक्यात, पावसाच्या तोंडावर हिरड्या-बेहड्यांवरचे काजवे बघत मोठी झालेय, तरी होडीत बसल्यावर आम्ही तिघंही गप्पच झालो. इंजिन नाही, फक्त वल्ह्याचा आवाज, आणि काठावरच्या बेरेंबांगच्या झाडांवरचे नर एकदम पेटतात, एकदम विझतात, सेकंदाला तीनेक वेळा. आणि हे बारा महिने! एक काजवा आईच्या ओढणीवर येऊन बसला, तांदळाच्या दाण्याएवढा, तिने घरी पोचेपर्यंत तेच सांगितलं.

होडीवाले काका म्हणाले पूर्वी काठ सलग उजळायचा, आता मधेमधे काळोखे पट्टे पडलेत. आई लगेच म्हणाली, मग दुसऱ्या नदीवरून आणून सोडायचे की. तर विचारायचं हे होतं की एका नदीवरचे काजवे दुसऱ्या नदीवर आपणहून जात असतील का? आणि आणून सोडले तर चालेल का?

गाळातला_किडा
मनूताई, आधी एक लक्षात घ्या, तुम्ही बघितलं ते त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं प्रकरण. प्टेरोप्टिक्स टेनर हा काजवा बेरेंबांगवर फक्त लग्नाला येतो, अळीचे कितीतरी आठवडे जातात ते काठामागच्या ओल्या जमिनीत, निपा आणि साबुदाण्याच्या पामखाली (मूळचा साबुदाणा ज्याच्या खोडातून यायचा तेच झाड), पालापाचोळ्यातल्या बारक्या गोगलगायी खात. अळी फार लांब जात नाही. प्रौढ नरमादी दोघं उडतात, पण नाजूक जीव, आयुष्य थोडं, झाडाच्या आसपासच असतात. म्हणजे पांगायचं तर काठाकाठाने, पिढ्यान् पिढ्या, थोडंथोडं. मधे निपा तोडून तेलताडाची लागवड किंवा दगडी बांध आला की तिथे वाट तुटते. काकांचे ते काळोखे पट्टे म्हणूनच मला जास्त टोचतात.

आता नद्यांमधली ही ये-जा मोजतात कशी, तर काजव्याच्या एका पायातूनसुद्धा डीएनए मिळतो, त्यातल्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतलं ऊर्जाघर, त्याचा डीएनए वेगळा असतो) साडेसहाशेएक अक्षरांच्या तुकड्याची तुलना करतात. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे तो माद्यांचा प्रवास सांगतो, नर इकडेतिकडे करत असले तरी त्यात उमटत नाही, म्हणून केंद्रकातला डीएनएही बघावा लागतो. दुसरी भानगड अशी की दोन नद्यांवरचे काजवे सारखे निघाले म्हणजे आज ये-जा आहे असं लगेच म्हणता येत नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ सगळं एकच जमीन. सारखेपणा त्या जुन्या नात्यातलाही असू शकतो.

ओसाका_मावशी
आणून सोडायचं म्हणाल तर जपानचं उदाहरण बघाच. इथला गेंजी काजवा पूर्वेकडे साधारण चार सेकंदांनी चमकतो आणि पश्चिमेकडे दोन सेकंदांनी, जनुकांतही फरक आहे. लोकांनी काजवे परत यावेत म्हणून प्रेमाने पश्चिमेचे पूर्वेला नेऊन सोडले आणि काही ठिकाणी आता नदीवर दोन सेकंदवालेच दिसतात. हेतू चांगलाच होता हो, पण तिथल्या मूळच्यांचा ताल गेला तो गेला.

चिप्पीच्या_सावलीत
मी मालवणकडचा. बेरेंबांग म्हणजे आपल्या चिप्पीचीच भावकी, पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं ती. म्हणून विचारतो, नुसती झाडं लावली तर येतील का परत?

गाळातला_किडा
दादा, नुसत्या झाडांनी नाही. झाड म्हणजे मांडव, पण वऱ्हाड वाढतं ते मागच्या चिखलात. भरतीचं पाणी आत येणं, गोगलगायी, सावली, रात्रीचा अंधार, हे सगळं लागतं. मनूताई, काळोख्या पट्ट्यात मागची निपा परत उभी राहिली तर शेजारच्या पट्ट्यातलेच चालत-उडत येतील, आईंना सांगा दुसऱ्या नदीवरून आणायची गरज नाही. जनुकशास्त्रातला जुना ठोकताळा आहे, दर पिढीला एखादा जरी पाहुणा येऊन तिथे संसार करून गेला तरी दोन वस्त्या जनुकांनी फार दूर जात नाहीत. तो एकही येईनासा झाला की लहान वस्तीत नुसत्या योगायोगाने जनुकांचा एकेक प्रकार गळत जातो. आणि संख्या काही हंगामांत भरून येते, झाड पुन्हा लखलखतं, पण गळालेली विविधता त्या वेगाने येत नाही. होडीतून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

मनू_केएल
आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या घरामागच्या बेहड्याखालचा पाला या वर्षी जाळू नका म्हणून दादाला सांग, अळ्या त्यातच असतील. आत्ताच त्याला मेसेज टाकला.