काठावरून आणि कयाकवरून, दोन्हीकडे चालेल असा एकच रॉड-रील सेट सुचवा (बजेट ६०००)

रामबागचा_अण्णा
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर गळ टाकायचा जुना नाद पुन्हा लागला आहे. सध्या इंदूरजवळ चोरलकडे, कधीमधी बडवाहला नर्मदेवर. बहुतेक मरळच. आतापर्यंत बाजारातल्या फायबरच्या काठीवर भागवलं, ती आता शेवटच्या घटका मोजतेय.

मे अखेरीस मुलीकडे डॅलसला चाललो आहे, ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुक्काम. जावयाला बास मासा पकडायचा शौक आहे, घरी दोन कयाक (वल्ह्याच्या छोट्या अरुंद नावा) आहेत. म्हणाला, "बाबा, तुमचा स्वतःचा सेट असला तर बरं, माझे सगळे बेटकास्टर, म्हणजे आडव्या फिरत्या फिरकीचे रील आहेत." तेव्हा तिथे बासला आणि परत आल्यावर इथे मरळीला चालेल असा एकच सेट हवा. रॉड, रील, दोरा सगळं धरून ६०००. त्यापुढे जाणार नाही, सौ.ने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.

रॉड किती फुटी? रील किती नंबरचं? दोरा ब्रेड (विणलेला) की मोनो (एकसंध नायलॉनचा)? इथून न्यावं की तिथे घ्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गळटाक्या
७ फुटी, मिडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा दणकट), फास्ट ॲक्शन (टोकाकडेच वाकणारा), ३००० नंबरचं स्पिनिंग रील (फेकताना याची फिरकी फिरत नाही), ३० पाउंड ताण झेलणारी ब्रेड. विषय संपला. माझा हाच सेट आहे आणि बारा किलोची कटला त्याच्यावरच काढली आहे. फोटो हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बडोद्याचा_बंड्या
स्पिनिंग रील म्हणजे सायकलच्या मागच्या दोन छोट्या चाकांसारखं, शिकेपर्यंत ठीक. बास बेटकास्टरवरच पकडायचा. अंगठ्याने स्पूल (दोऱ्याची फिरकी) दाबून आमिष हव्या त्या खाचेत उतरवता येतं, जावई उगाच वापरत नाही. माझा सेट जपानी आहे, १८ हजारांना पडला. बजेट थोडं वाढवा.

रामबागचा_अण्णा
बंड्याभाऊ, ६००० लिहिलंय हो.

बडोद्याचा_बंड्या
एकदाच घ्यायचं असतं अण्णा.

शेव_जीरावण
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

टेक्सासकर
अण्णा, मी मूळ इंदूरचाच, आता ऑस्टिनजवळ. काठ आणि कयाक दोन्ही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काठावरून लांब फेक लागते, म्हणून ७ फूट बरोबर. कयाकमध्ये लांबीपेक्षा मागची मूठ महत्त्वाची. रीलच्या मागे दांडा लांब असला की बसल्या बसल्या तो लाइफ जॅकेटमध्ये अडकतो आणि गळ रुतवायचा झटका अर्धवट बसतो. दुकानात खुर्चीवर बसून रॉड फिरवून बघा. कोपराला लागला तर नको. ६ फूट ६ इंचही चालतो, पण मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे गेला की ते सहा इंच आठवतात.

मिडियम हेवी घेताना दांड्यावर छापलेलं वजन वाचा. साधारण ७ ते २१ ग्रॅमचं आमिष लिहिलेलं असलं की बासची बहुतेक आमिषं बसतात आणि मरळीचा रबरी बेडूकही. बेटकास्टर आत्ता नको. समोरून वारा आला की आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतो आणि दोऱ्याचं घरटं होतं. काठावर बसून ते सोडवता येतं. कयाकमध्ये ते सोडवेपर्यंत वारा तुम्हाला भलत्याच काठाला नेऊन लावतो.

गळटाक्या
मी पण तेच म्हटलं, ७ फुटी स्पिनिंग.

नर्मदाकाठ
ब्रेड घ्यायच्या आधी एकदा बडवाहच्या खडकांवर हात फिरवून बघा. काळा दगड, धार विळीसारखी. ताणलेली ब्रेड घासली की गेली. मागच्या उन्हाळ्यात चांगला मासा लागला होता, खडकाखाली शिरला आणि दोरा कापला. तेव्हापासून मोनोच. ताणते, पण खरचटल्याचं बोटाला कळतं, तेवढा भाग कापून पुन्हा गाठ मारायची.

शिवाय ऑनलाइन काही मागवू नका. रील आलं ते हँडल मोडलेलं. परत पाठवायला गेलो तर विक्रेता म्हणतो, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. आता मासे पकडायचे की व्हिडिओ काढायचे?

गळटाक्या
अहो, मग ब्रेडला पुढे दोन-तीन हात फ्लोरोकार्बनचा लीडर (टोकाला जोडायचा वेगळा दोरा) लावायचा. घासणं त्याच्यावर जातं, पाण्यात तो दिसतोही कमी. यात वाद काय आहे?

नर्मदाकाठ
वाद हा आहे की लीडर दोन हात आणि खडक दहा हात.

मिसळप्रेमी_गोरेगाव
अवांतर: डॅलसला जाऊन मासे पकडून खायचे की सोडायचे? आमच्याकडे सोडलं तर घरात घेणार नाहीत.

टेक्सासकर
@मिसळप्रेमी, दोन्ही चालतं, पण नियम पाळून. टेक्सासात लार्जमाउथ बासला साधारण नियम १४ इंचाच्या वरचा आणि दिवसाला पाच. काही तलावांचे वेगळे आहेत. लेक फोर्कला (डॅलसच्या पूर्वेला, गाडीने जाऊन-येऊन दिवस होतो) १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, म्हणजे नेमका ज्याच्याबरोबर फोटो काढावासा वाटतो तोच सोडायचा. राज्याचा विक्रमही तिथलाच, १९९२चा, १८ पाउंडांच्या वर.

अण्णा, महत्त्वाचं. तिथल्या स्टेट पार्कमध्ये काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही. डॅलसच्या उत्तरेला रे रॉबर्ट्स लेक आहे, तिथे पार्कच्या काठावर नातवाला घेऊन बसा. पण कयाक त्या तलावात घातली की लायसन्स हवंच. पाहुण्यांसाठी वेगळं निघतं, एका दिवसाचंही मिळतं. आणि कयाकमध्ये माणशी एक लाइफ जॅकेट हा कायदा आहे. मोठ्यांनी ते नुसतं जवळ ठेवलं तरी कायद्याला चालतं, पण तुम्ही घालाच.

बडोद्याचा_बंड्या
जागतिक विक्रम मात्र जपानने बरोबरीत आणला. जॉर्जियात १९३२ साली २२ पाउंड ४ औंसाचा निघाला होता, तो सत्त्याहत्तर वर्षं टिकला. २००९ मध्ये बिवा सरोवरात तेवढाच निघाला. सांगायचं कारण, जपानी सामान.

शेव_जीरावण
बंड्याभाऊ, तो मासा तुमच्या रीलने काढला होता का? ह.घ्या. (हलकेच घ्या)

बडोद्याचा_बंड्या
इंदूरकरांना पोह्यांपलीकडे काही कळत नाही, ह.घ्या.

शेव_जीरावण
तुमच्या विश्वामित्री नदीत कयाक घालून बेटकास्टर फिरवून दाखवा. मगरी टाळ्या वाजवतील.

ओंकारेश्वरची_सून
धागा कुठे चाललाय! अण्णाकाका, माझे सासरे तुमच्यासारखेच, त्यांना मी सेट घेऊन दिला म्हणून सांगते. रील शिमानोचं सिएना, २५०० नंबरचं. तीन हजारांच्या आत मिळालं. रॉड दोन तुकड्यांचा. ब्रेड भरताना आधी स्पूलवर थोडी मोनो गुंडाळायची, त्याच्यावर ब्रेड. नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचा सगळा गठ्ठाच गरगर फिरतो आणि वाटतं ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारा ब्रेक) खराब झाला. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. सासरे रील दुरुस्तीला टाकायला निघाले होते.

नर्मदेत महसीर लागला तर ओल्या हाताने धरून लगेच सोडा. २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि आता क्वचितच दिसतो.

नर्मदाकाठ
ताईंशी सहमत. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडे बंदी असते, अंडी घालायचा काळ. अण्णा तेव्हा तिकडेच आहेत म्हणा. एरवीही चोरलला कुठे बसता येतं ते तिथल्या मच्छीमार समितीला विचारूनच.

सिरपूरचा_पक्षी
कृपया इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर तलाव सोडा. दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहेत. तुटलेला दोरा पाणपक्ष्यांच्या पायात अडकतो. गळटाक्यांनी मागे टाकलेला दोरा मी स्वतः कात्रीने कापून काढलेला आहे, चिखलात गुडघाभर उभं राहून. ब्रेड असो की मोनो, तुटका दोरा खिशात घालून घरी न्या एवढंच म्हणणं.

गळटाक्या
मी नेतो घरी. "गळटाक्यांनी" लिहिताय ते मला उद्देशून आहे का?

सिरपूरचा_पक्षी
आयडी तुम्हीच घेतलाय.

टेक्सासकर
आमिषाचं कुणीच बोललं नाही. अण्णा, एकच गोष्ट शिका, टेक्सास रिग. दोऱ्यात टोकदार शिसं ओवायचं, खाली ३/० नंबरचा ऑफसेट हुक, त्यावर मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ. हुकचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं, बाहेर काढायचं नाही. मग शेवाळ, फांद्या कशात अडकत नाही. तिथल्या उन्हाळ्यात बास पहाटे वर येतो, तेव्हा बेडूक किंवा पॉपर (पाण्यावर बुडबुड आवाज करणारं आमिष). ऊन चढलं की खोल जातो, तेव्हा हा गांडूळ तळावर सावकाश ओढायचा. टक-टक असं जाणवेल. सैल दोरा गुंडाळून घ्या आणि मग झटका.

मरळीला उलट. बेडूक गिळल्याचा आवाज आला तरी क्षणभर थांबायचं, ते तुम्हाला माहीत असेलच. तिचं तोंड हाडाचं, लगेच ओढलं तर बेडूक रिकामा परत येतो.

रामबागचा_अण्णा
चोरलच्या काठाला बेशरमाची इतकी झाडी आहे की उघडा हुक टाकला की झाडच लागतं. हे लपवलेलं टोक कामाचं दिसतंय. कयाकबद्दल अजून काही? पोहता येतं मला, पण ६३व्या वर्षी हौस नको.

टेक्सासकर
तीन गोष्टी. नांगर कधीही बाजूने सोडायचा नाही, पुढून किंवा मागूनच. बाजूला बांधला आणि लाटेचा किंवा वाऱ्याचा जोर आला की कयाक कलंडते. दुसरं, रॉड आणि वल्हं दोन्ही दोरीने कयाकला बांधा. ओझं वाटेल, पण एकदा रॉड पाण्यात गेला की बुडताना दिसतसुद्धा नाही. तिसरं, तिकाटी हुकांची आमिषं कयाकमध्ये कमी वापरा. मांडीशेजारी तडफडणारा मासा, त्याच्या तोंडात दोन तिकाटी हुक आणि पळायला जागा नाही.

रॉड तिथेच घ्या असं माझं मत. अग्ली स्टिक ब्रँडचा रॉड-रील कॉम्बो साधारण ५०-६० डॉलरना मिळतो. थोडा जड आहे, पण गाडीच्या दारात सापडला तरी सहजासहजी मोडत नाही.

मिसळप्रेमी_गोरेगाव
५० डॉलर म्हणजे चार हजारांच्या वर. शिवाय टॅक्स. मग इथलंच काय वाईट?

गळटाक्या
तिथून परत कसा आणणार? विमानात रॉड मोडतात. माझ्या मित्राचा मोडला.

नर्मदाकाठ
प्लंबिंगवाल्याकडून तीन इंची पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही टोकांना टोप्या, आत जुनी बनियन कोंबायची. दोन तुकड्यांचा ७ फुटी म्हणजे साडेतीन फूट, चेक-इन सामानात जातो. हुक हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात.

शेव_जीरावण
मरळ तिकडे न्यायची असेल तर विसरा. २००२ पासून अमेरिकेत जिवंत मरळवर्गीय मासा आणायला बंदी आहे. तिथे तो उपद्रवी मासा, आपल्याकडे पाहुणचाराचा.

बडोद्याचा_बंड्या
जपानात बासची तीच गत आहे. उपद्रवी. तरीपण रील…

शेव_जीरावण
रील जपानी. कळलं.

रामबागचा_अण्णा
सर्वांचे आभार, वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). निर्णय झाला. काल घेऊन आलो.

रॉड चार तुकड्यांचा ट्रॅव्हल, ६ फूट ६ इंच, मिडियम. मिडियम हेवी नाही. रील सिएना २५००, ताईंचं ऐकलं तेवढंच. दोरा मोनो, १२ पाउंडी. एकूण ५७५०.

पाइप, कॉम्बो सगळ्याचा विचार केला. पण सौ.ने मधली सुटकेस उघडून समोर ठेवली. त्यात लोणच्याच्या बरण्या, मेतकूट आणि नातवाचे कपडे गेल्यावर जी आडवी जागा उरली, तेवढाच रॉड घ्यायचा होता. चार तुकड्यांचा बसला. साडेतीन फुटी पाइप घेऊन मी विमानतळावर फिरणार नाही, असंही त्यांनी परस्पर जाहीर केलं.

दुकानात खुर्चीवर बसून फिरवून पाहिला. कोपराला लागत नाही.

गळटाक्या
मिडियम? मरळीला मिडियम? झाडीतून बाहेर कशी ओढणार?

बडोद्याचा_बंड्या
ट्रॅव्हल रॉड सांध्याला ढिला होतो. बघा तुम्ही.

नर्मदाकाठ
मोनो घेतली, बरं केलंत.

टेक्सासकर
चालेल अण्णा. फक्त चार तुकडे जोडताना दोरा ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते डोळ्याला लावून बघा, आणि तासाभराने सांधे पुन्हा घट्ट करा, फेकताना फिरतात. मोनो ताणते, म्हणून लांबून गांडुळावर झटका देताना आधी दोरा पूर्ण ताठ करून घ्या आणि मग जोरात. २५००वर १२ पाउंडी फार काठोकाठ भरू नका, स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर खाली ठेवा, नाहीतर वेटोळी आपोआप उड्या मारत बाहेर पडतात. लोणचं कोणतं आहे? डॅलस माझ्याकडून तीन तासांवर आहे.

रामबागचा_अण्णा
कैरीचं, आणि एक बरणी लिंबाचं. व्यनि केला आहे.