आठवणीसाठी अ‍ॅप कशाला? टर्मिनलमधली एक ओळ पुरते

धागाकर्ता
अर्ध्या तासानं फोन करायचाय, बॅकअप संपला का बघायचंय, एवढ्यासाठी लिनक्सवर वेगळं अ‍ॅप टाकणं मला पटत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, 'स्लीप ३०एम' (तीस मिनिटं थांब), पुढे दोन अँपरसँड (&&, म्हणजे 'ते झालं की'), मग 'नोटिफाय-सेंड' (स्क्रीनवर सूचना दाखव) आणि अवतरणात निरोप. झालं काम! खातं उघडायला नको, आपली कामं कुणाच्या सर्व्हरवर जायला नकोत. रोज एवढं टंकायला नको म्हणून बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलीत, छोटं फंक्शन (आज्ञांना दिलेलं एक नाव) करून ठेवलंय. तुमचं काय मत?

झाकणबंद
साफ असहमत. लॅपटॉप झाकून निजवला की स्लीपची मोजणीही थांबते. २० मिनिटं उरलेली असताना तासभर झाकण बंद राहिलं, तर उघडल्यावर ती २० मिनिटं तिथून पुढे मोजली जातात. मी एका मुलाखतीला असाच मुकलोय. आठवण चुकली हेही कळत नाही, हे सगळ्यात वाईट.

जुना युनिक्सवाला
तक्रार खरी, पण ती स्लीपची आहे. ठरल्या वेळी काम चालवणारी 'अ‍ॅट' ही आज्ञा वापरा ना! वेळ सांगितली की काम डिस्कवर नोंदलं जातं. 'एटीक्यू'नं यादी दिसते, 'एटीआरएम'नं नको ते काढता येतं. मशीन बंद असताना वेळ टळली तरी सुरू झाल्यावर ते काम चालतं. फक्त 'अ‍ॅट'ची पार्श्वभूमीत चालणारी सेवा चालू आहे ना, तेवढं बघा.

झाकणबंद
चालतं, पण कधी? मशीन सुरू होताना, तुम्ही लॉगिन करायच्या आधी. तेव्हा डेस्कटॉपच नसतो, मग सूचना दिसणार कुठे? ठरावीक वेळापत्रकानं कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तेच दुखणं: डी-बसचा (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेचा) पत्ता त्याला आपण द्यावा लागतो, नाहीतर स्क्रीनवर काहीच येत नाही. औषधाची वेळ मी यावर सोडणार नाही. फोनचा गजर लावा.

धागाकर्ता
औषधाचं मान्य, ते फोनवरच. पण झाकणाच्या अडचणीला उपाय आहे: 'सिस्टमडी-रन' या टायमर लावता येणाऱ्या आज्ञेला 'युझर' (आपल्या खात्यातून चालव) आणि 'ऑन-कॅलेंडर' (या तारीख-वेळेला चालव) हे पर्याय द्या. ते घड्याळातली वेळ बघतं, त्यामुळे झाकण उघडताच टळलेली सूचना येते. तारीख मात्र पूर्ण लिहा, नुसती वेळ दिलीत तर रोज वाजेल. रीस्टार्ट केलं की हा टायमर जातो, म्हणून मी तो फक्त त्याच दिवसाच्या कामांना लावतो. आणि नोटिफाय-सेंडला निकड 'क्रिटिकल' द्या, म्हणजे सूचना आपण हटवेपर्यंत सहसा हलत नाही.

झाकणबंद
क्रिटिकलचं आजच करून बघतो. पण एक ओळ म्हणत होतात, आता त्यात किती अटी आल्या ते मोजा. नवख्याला हे सुचवू नका.