बिघे-पांड, एकर-गुंठे, हेक्टर-आर: एकाच शेताच्या कागदांचा मेळ कसा घालायचा?

अमळनेरकर
मंडळी, वाटणीपत्र करायचं आहे. शेत एकच, पण कागद तितकी मापं.
मोडी कागदात ७ बिघे १२ पांड. १९३८ च्या खरेदीखतात ५ एकर २७ गुंठे, पैकी ९ गुंठे पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन). आजच्या सातबाऱ्यावर एकूण २.३०.००. फाळणी नकाशात (शेताच्या बाजूंची मापं दाखवणाऱ्या मोजणीच्या नकाशात) एका बांधावर ९-४ लिहिलंय. आमचा हिस्सा सहा आणे. तर सातबाऱ्यावरचं क्षेत्र खताशी जुळतं का, आणि सहा आणे म्हणजे नेमकं किती?

पांझराकाठ
जुळतं. आधी सगळं गुंठ्यांत आणा: ५ × ४० + २७ = २२७ गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौ.मी. आर म्हणजे १०० चौ.मी. म्हणून २२७ × १.०११७ = २२९.६६ आर, अर्थात २ हेक्टर २९ आर ६६ चौ.मी. सातबाऱ्यावर पूर्ण आर धरलाय, म्हणून २.३०.००. वरचे ३४ चौ.मी. गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, त्यावरून भाऊबंदकी नको.
पोटखराबाही तपासा. ९ गुंठे = ९.११ आर आणि लागवडीचे २१८ गुंठे = २२०.५५ आर. सातबाऱ्यावर लागवड २.२१ आणि पोटखराबा ०.०९ असेल तर हिशेब चोख आहे.
घोळ होतो तो टिंबामुळे. खतात ५-२७ असतं, लोक कॅल्क्युलेटरवर ५.२७ एकर मारतात. उत्तर येतं २.१३ हेक्टर, सोळा आर बसल्या जागी गायब! २७ गुंठे म्हणजे ०.६७५ एकर, तेव्हा ५.६७५ मारायचं. सातबाऱ्यावरचं २.३०.०० मात्र हेक्टर, आर, चौ.मी. असं वाचायचं.
आणि बाजारात सर्रास चालतं तसं गुंठा नी आर एकच नही शे, भाऊ. एका गुंठ्यात सव्वा चौरस मीटरच्या आत फरक दिसतो, पण शंभर गुंठ्यांवर तो सव्वा आराच्या आसपास जातो.

शंकूसाखळी
आण्यांचं जरा सांभाळून. तुमच्या कागदांत आणे दोन प्रकारचे आहेत आणि तिसरा प्रकार लोक मध्येच आणून घालतात.
फाळणीवरचं ९-४ म्हणजे ९ साखळ्या ४ आणे. हे लांबीचं माप. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक आणा २ फूट पाऊण इंच. म्हणजे ९.२५ साखळ्या = ३०५.२५ फूट = ९३.०४ मीटर. ९.४ साखळ्या धरल्या तर बांध पाच फूट लांबतो. नेटवर सापडणारी ६६ फुटांची साखळी इथे लावू नका, क्षेत्र थेट चौपट होईल.
क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, ६८ चौरस फुटांच्या किंचित वर. आणि हिस्स्याचा आणा, म्हणजे आणेवारी: अख्खा सर्व्हे नंबर १६ आणे.
तुमचे सहा आणे म्हणजे सहा-सोळांश. २३० आरांचे ८६.२५ आर, वाटणीपत्रात ०.८६.२५ लिहा. जुन्या हिशेबात २ एकर ५ गुंठे २ आणे. पोटखराबाही त्याच प्रमाणात वाटून लिहा: लागवड ८२.८७५ आणि पोटखराबा ३.३७५ आर. नाहीतर एकाच्या वाट्याला सगळा नाला येतो नि कागदावर क्षेत्र मात्र बरोबर दिसतं.

गिरणाथडी
बिघ्याचं कोष्टक सरळ आहे: २० चौरस काठ्या = १ पांड, २० पांड = १ बिघा. म्हणजे बिघा २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद. अडचण काठीची, ती ठरायची पाच हात पाच मुठींवर. हात दीड फूट, मूठ साडेतीन इंच धरली तर काठी नऊ फुटांना अर्धा इंच कमी. नऊ फूट धरा: बिघा १८० × १८० = ३२,४०० चौ. फूट, पावणेतीस गुंठे. ७ बिघे १२ पांड = ७.६ बिघे, म्हणजे २२६ गुंठे. खतातल्या २२७ शी किती जवळ!
पण हा आकडा शेजारच्या गावाला लावू नका, तिथली काठी वेगळी असू शकते. ज्या शेताचे बिघे आणि एकर दोन्ही सापडतील त्यावरून त्या गावाचा बिघा उलटा काढा. नवापूर-तळोद्याकडे तर गुजरातचा विघा कानावर पडतो, तो कुठे १६ गुंठ्यांचा, कुठे साडेतेवीस. खानदेशात इंग्रजी मोजणी आली तेव्हा १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपड्याकडे लोक उठले होते. त्या मोजणीनंतर सरकारी आधार एकर-गुंठ्यांचा, बिघ्यांवर आता हक्क सांगता येत नाही.

अमळनेरकर
आभारी आहे. फाळणीवरच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला तर क्षेत्र २३० आरांच्या वर जातंय. ते का?

शंकूसाखळी
जाणारच. शेत काटकोनी नसेल तर ही रीत नेहमी जास्तच दाखवते. कर्ण घेऊन दोन त्रिकोण पाडा. प्रत्येकाच्या तीन बाजूंच्या बेरजेचं निम्मं काढा, त्यातून एकेक बाजू वजा करा, ते निम्मं आणि तिन्ही वजाबाक्या गुणून वर्गमूळ घ्या. बाजू साखळ्यांत ठेवल्या तर उत्तर थेट गुंठ्यांत येतं.
तरीही फरक राहिला तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंद (सर्व्हे नंबरनिहाय क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि गुणाकार बुकाची (मोजणीच्या मापांवरून क्षेत्र काढल्याच्या हिशेबाची) नक्कल घ्या. आकारबंद बरोबर आणि सातबाऱ्यावर आकडा चुकलेला असेल तर तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करा. बांधच सरकला असेल तर हिशेबानं भागणार नाही, मोजणीची फी भरा.