विषय: सर्किट ॲनालिसिसच्या सरावासाठी साधने हवी आहेत (भाचा कोल्हापुरात)

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझा भाचा कोल्हापुरात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात शिकवलेले त्याला समजते, पुस्तकातील सोडवलेले गणित वाचतानाही सगळे पटते, पण कोरा कागद घेऊन तेच गणित मांडायला बसला की पहिल्याच लूपला (सर्किटमधल्या बंद वाटेला) चिन्हे चुकतात. त्याच्याजवळच्या गाइडमध्ये काही उत्तरेच चुकीची छापली आहेत, त्यामुळे आपले बरोबर की गाइडचे, या घोळात त्याची संध्याकाळ निघून जाते. सरावासाठी भरवशाची आणि शक्यतो विनामूल्य साधने कोणी सुचवू शकेल का?

आपली,
राजारामपुरीची माहेरवाशीण

---

ताई, सप्रेम नमस्कार.

नोकरीची वर्षे परदेशात काढून मी आता कोल्हापुरात परतलो आहे आणि रविवारी सकाळी गल्लीतील तीन-चार मुलांना हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधने भरपूर आहेत. व्याख्यानांसाठी एनपीटीईएल हे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचे विनामूल्य भांडार आहे. गणितांसाठी शॉम मालिकेतील ‘इलेक्ट्रिक सर्किट्स’ घ्यावे, कारण त्यात सोडवलेली गणिते पुष्कळ आहेत. मात्र उत्तर झाकून आधी स्वतः मांडणी करायची, हा नियम त्याने मोडू नये. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुढच्या वर्षासाठी ठेवाव्यात.

परंतु त्याची खरी अडचण उत्तर पडताळण्याची आहे, आणि ती सवय लागली की गाइडमधल्या चुका त्याला अडवणार नाहीत. एक साधे उदाहरण घेतो. १२ व्होल्टचा सोर्स, त्याला सिरीजमध्ये ४ ओहम आणि पुढे १२ व ६ ओहम एकमेकांना पॅरलल. पॅरलल जोडीचे ४ ओहम होतात, एकूण ८, म्हणून सोर्समधून १.५ अँपिअर, जोडीवर ६ व्होल्ट, आणि शाखांमध्ये अनुक्रमे ०.५ आणि १ अँपिअर. इथे थांबायचे नाही. सोर्स १२ गुणिले १.५ म्हणजे १८ वॅट देतो, आणि तिन्ही रेझिस्टर ९, ३ व ६ वॅट घेतात. बेरीज १८ आली, हिशेब जुळला. मग ६ ओहमचा रेझिस्टर काढून थेवेनिनने, म्हणजे उरलेले सर्किट एकच सोर्स आणि एकच रोध मानून, पाहायचे: मोकळ्या टोकांवर ९ व्होल्ट, आतला रोध ३ ओहम, म्हणून ९ भागिले (३ अधिक ६) म्हणजे पुन्हा १ अँपिअर. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आले आणि वॅटचा हिशेबही बसला, तर गाइडमध्ये काहीही छापलेले असो, त्याने निश्चिंत पुढचे गणित घ्यावे. चिन्हांसाठी इतकेच, की सगळ्या लूपची दिशा एकच धरावी, ती आकृतीवर बाणाने काढावी आणि करंट ऋण आला तरी मधेच बाण फिरवू नये.

यानंतर सिम्युलेटर. फॉल्स्टॅडचा सर्किट सिम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो आणि करंट सरकत्या ठिपक्यांनी दाखवतो. पुढे एसी आणि ट्रान्झियंटसाठी (स्विच दाबताच होणाऱ्या क्षणिक बदलांसाठी) एलटीस्पाइस विनामूल्य मिळते. दोन्ही कागदावर उत्तर लिहून झाल्यावरच उघडावीत.

आणि एक ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडण्याची पाटी) व साधा डिजिटल मीटर त्याला अवश्य घेऊन द्या. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून टोकांना ९ व्होल्टची बॅटरी लावायला सांगा. मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट यायला हवेत, पण १० मेगाओहम इनपुटचा मीटर साधारण ४.२९ दाखवेल. का, ते त्याने स्वतः शोधावे. माझ्या मुलांना थेवेनिन फळ्यावर समजला नव्हता, तो या मीटरवर समजला.

तीन फेजचा धडा आला की त्याला शिवाजी उद्यमनगरात एखाद्या मोटार वायंडिंगच्या दुकानात घेऊन जाईन. मोटारीची तीन वायंडिंग जोडण्याच्या स्टार आणि डेल्टा या दोन पद्धती आहेत. टर्मिनल बॉक्समधील पट्ट्या स्टारला आडव्या एका ओळीत आणि डेल्टाला उभ्या कशा बसतात, हे हाताने एकदा केले की ४१५ व्होल्टच्या लाइनवर स्टारमधील वायंडिंगला २४० व्होल्टच का मिळतात, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

आपला,
मंडळाचा जुना सभासद, सध्या कोल्हापूर

---

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र भाच्याला जसेच्या तसे पाठवले होते. काल रात्री त्याचा फोन आला. त्याची बॅटरी नवी असल्याने ९.३ व्होल्ट दाखवत होती, म्हणून त्याने मोजण्याआधी ४.४३ हे उत्तर कागदावर काढून ठेवले आणि मीटरवर ४.४१ आले. रेझिस्टरवर सोनेरी पट्टी आहे, म्हणजे ५ टक्के फरक धरायचा, हेही त्यानेच मला समजावले. आता याच्या उलट जाऊन, मीटरचा आतला रोध माहीत नसेल तर तो या वाचनावरून काढता येईल का, असे विचारतो आहे. रविवारी सकाळी तुमच्याकडे आला तर चालेल का, तेवढे कळवावे.