मदत हवी आहे: नान्नज परिसरातील माळरानांतून सलग क्षेत्र निवडताना येणारी अडचण

नमस्कार. सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी नान्नज, मार्डी आणि वडाळा या भागातील कोणती गवताळ माळराने एकत्र राखावीत, हे ‘प्रायॉरिटायझर’ (संवर्धनासाठी कमी खर्चात क्षेत्र निवडून देणारे आर भाषेतील पॅकेज) वापरून ठरवीत आहे. इथले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा ते सुमारे ८,४९६ चौ. किमी होते, नंतर ते १,२२२ चौ. किमी करण्यात आले. पण वनखात्याची माळराने आजही शाळूच्या रानांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली आहेत आणि माझी सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मी नकाशाच्या एक हेक्टरच्या चौकटी केल्या असून एकूण गवताळ क्षेत्रापैकी ३० टक्के कमीत कमी खर्चात निवडायचे आहे. आधी बाउंड्री पेनल्टी, म्हणजे निवडीच्या बाहेरील सीमेच्या लांबीवर लागणारा जादा भार, लावून पाहिली. चौकटीचा खर्च १ आणि परिमिती ४०० मीटर असल्याने ०.००१ पेनल्टीला एकट्या चौकटीवर ०.४ चा भार पडतो. तो वाढवला की निवड गोळा होते, पण ओढ्याकाठचे अरुंद पट्टे गळतात, आणि एवढे करूनही तीन वेगळे तुकडे उरतातच. पेनल्टी परिमिती कमी करते, सलगतेची हमी देत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून सलगतेची अट घातली, म्हणजे निवडलेल्या सगळ्या चौकटी एकमेकींना जोडलेल्याच हव्यात. खासगी शेते निवडीतून पूर्ण वगळली होती, त्यामुळे उत्तर शक्य नसल्याचा संदेश लगेच आला. साहजिकच होते, कारण एकाही तुकड्यात ३० टक्के गवत नाही. आता शेतांना पाचपट खर्च देऊन ती खुली ठेवली आहेत, तर सीबीसी सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालूनही ०.१ च्या गॅपपर्यंत, म्हणजे सर्वोत्तम उत्तरापासून जास्तीत जास्त १० टक्के अंतरापर्यंत, पोहोचत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सलगतेची अट न घालता आधी तुकडे निवडून ते नंतर कमीत कमी खर्चाच्या मार्गाने जोडले, तर एकूण निवड सर्वोत्तम असल्याचा दावा करता येणार नाही हे मान्य आहे. तरीही ही पद्धत प्रबंधात मांडण्याजोगी ठरेल का? की चौकटी चार हेक्टरच्या करून मूळ अटच सोडवावी? दुसरे म्हणजे, ओढा तिरका वाहतो, त्यामुळे त्याच्या काठच्या चौकटी केवळ कोपऱ्याला कोपरा लागून आहेत. कोणती चौकट कोणाला लागून आहे हे सांगणारी शेजाराची मॅट्रिक्स (तक्ता) स्वतः बनवून अशा चौकटी जोडलेल्या धराव्यात का? या पट्ट्यातून जाणाऱ्या लांडग्याला कोपऱ्याची अडचण नसावी, पण हा पट्टा पुढे कुंपण किंवा चराईबंदीसाठी आखायचा झाला, तर तिथे रुंदी शून्य भरते. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे.